योजना आयोग गेला, मग राज्यांचा पैसा आता ठरवतं कोण?

मागच्या भागात आपण राज्याचा अर्थसंकल्प कसा वाचायचा ते पाहिलं. त्यावर आलेल्या प्रतिक्रियांमध्ये एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आला. एका श्रोत्याने तो सरळच विचारला होता: "योजना आयोगाची पाटी काढून नीती आयोगाची लावली, एवढंच ना झालं?" आजचा भाग त्या प्रश्नावर. ज्यांना ऐकायला सवड होत नाही त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना तोंडात येणारे 'म्हणजे' आणि 'बघा' बरेचसे काढलेत, तरी काही राहिले असतील तर चालवून घ्या.

थोडक्यात उत्तर द्यायचं तर इमारत तीच आहे, दिल्लीतल्या संसद मार्गावरची. अध्यक्षही तोच, म्हणजे त्या वेळचा पंतप्रधान. कायद्यातलं स्थानही तेच, म्हणजे कायद्यात स्थान नाहीच. दोन्ही संस्था केंद्रीय मंत्रिमंडळाच्या ठरावाने जन्मल्या. पण जुन्या आयोगाच्या कमरेला एक किल्ली होती, ती नव्याकडे नाही. ती किल्ली कुणाकडे गेली, हा खरा विषय. तिथे पोचायला थोडं मागे जावं लागेल.

१५ मार्च १९५० ला योजना आयोग स्थापन झाला. पंडित नेहरू अध्यक्ष, गुलझारीलाल नंदा उपाध्यक्ष. सदस्यांमध्ये आपले चिंतामणराव देशमुख होते. नियोजनाची कल्पना मात्र त्याआधीची. १९३८ साली सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष असताना त्यांनी राष्ट्रीय नियोजन समिती नेमली होती आणि तिचे अध्यक्षही नेहरूच होते. १९४४ मध्ये टाटा, बिर्ला वगैरे उद्योगपतींनी 'बॉम्बे प्लॅन' मांडला. म्हणजे देशाने आखणी करून पुढे जावं याबद्दल त्या काळी फारसे मतभेद नव्हते, अगदी भांडवलदारांचेसुद्धा. भांडण होतं ते आखणी करणाऱ्याच्या हातात किती सत्ता असावी याचं, आणि ते लगेच सुरू झालं. तेव्हाचे अर्थमंत्री जॉन मथाई यांना हा आयोग म्हणजे समांतर मंत्रिमंडळ वाटायला लागलं. आयोग स्थापन होऊन काही महिने होतात न होतात तोच त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी आले चिंतामणराव. ते आयोगाचे सदस्य होतेच, आता अर्थमंत्रीही झाले, म्हणजे दोन्ही टेबलांवर एकच माणूस. तात्पुरता प्रश्न सुटला. पण मथाईंनी विचारलेला प्रश्न पुढची चौसष्ट वर्षं त्या इमारतीत मुक्कामाला राहिला.

आपल्याला शाळेत काय शिकवलं? पंचवार्षिक योजना पहिली, शेतीला प्राधान्य. दुसरी, अवजड उद्योग, महालनोबिस प्रारूप, भिलाई-राउरकेला-दुर्गापूर. स्पर्धा परीक्षेवाले तर हे तोंडपाठ म्हणतात. पहिल्या योजनेचं उद्दिष्ट २.१ टक्के वाढीचं होतं आणि प्रत्यक्षात ३.६ टक्के झाली, हेही त्यांना माहीत असतं. ते सगळं बरोबर आहे, पण आयोगाची ताकद त्या जाडजूड ग्रंथांत नव्हती. योजनेत लिहिलं म्हणून कारखाना उभा राहत नाही, पैसा सुटला तर राहतो. आणि राज्यांना विकासकामांसाठी केंद्राकडून किती पैसा सुटेल, यावर आयोगाचा हात होता.

इथे एक बारीक गोष्ट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. केंद्र-राज्य पैशाची वाटणी करायला घटनेने वेगळी संस्था सांगितली आहे. कलम २८०, वित्त आयोग. दर पाच वर्षांनी येतो, केंद्राच्या करांतला किती वाटा राज्यांना जावा आणि कुणाला किती जावा ते सांगतो. योजना आयोगाला घटनेत असा काही आधार नव्हता. मग तो राज्यांना अनुदान कशाच्या जोरावर देत होता? कलम २८२ च्या. हे कलम काय म्हणतं, तर केंद्र किंवा राज्य कोणत्याही सार्वजनिक कारणासाठी अनुदान देऊ शकतं. बस्स. वित्तविषयक किरकोळ तरतुदींच्या रांगेत बसलेलं हे कलम. त्या खिडकीतून हजारो कोटी रुपये वाहत राहिले. वित्त आयोगाकडे उरलं राज्यांच्या रोजच्या खर्चाचं बघणं, आणि 'योजना' नावाचा सगळा पैसा गेला योजना आयोगाच्या अखत्यारीत.

पहिल्या तीन योजनांत हा पैसा कुणाला किती, याचा नियमच नव्हता. प्रत्येक प्रकल्प घेऊन जायचं, मांडायचं, घासाघीस करायची. प्रत्येक योजनेत अनुदान किती आणि कर्ज किती याचं प्रमाण वेगळं. ज्याचे अधिकारी हुशार, ज्याचा मुख्यमंत्री दिल्लीत वजनदार, त्याचं काम होणार. तरी फार बोंब झाली नाही, कारण दिल्लीत आणि बहुतेक राज्यांत एकाच पक्षाचं सरकार. घरातलं भांडण घरातच मिटायचं. १९६७ च्या निवडणुकीत हे घर फुटलं. अनेक राज्यांत काँग्रेस हरली, आणि ज्यांचा दिल्लीत कुणी मामा नाही अशी सरकारं आली. 'तुम्ही मनाला येईल तसं वाटता' हे म्हणणारं आता कुणीतरी होतं. त्यात तिसरी योजना दोन युद्धं आणि दुष्काळाने मोडून पडलेली, रुपयाचं अवमूल्यन झालेलं, १९६६ ते ६९ अशी तीन वर्षं पंचवार्षिक योजनाच नव्हती, नुसत्या वार्षिक.

अशा वेळी, १९६७ मध्ये, उपाध्यक्ष म्हणून आले पुण्याचे धनंजयराव गाडगीळ. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्षही तेच. विठ्ठलराव विखे पाटलांच्या आग्रहाने एक अर्थशास्त्रज्ञ कारखान्याच्या खुर्चीत बसला होता. माझ्या मते पुढच्या कामात याचा मोठा वाटा असावा. ऊस उत्पादकांच्या सभेत ज्याने वाटपाचे वाद ऐकलेत, त्याला एक गोष्ट पक्की कळलेली असते. वाटणी कमी-जास्त झाली तर माणसं एक वेळ सोसतात, पण ती कशी केली हे सांगता आलं नाही तर सोसत नाहीत.

गाडगीळांनी काय केलं? सूत्र केलं. आधी आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीर यांच्यासाठी ठरावीक रक्कम बाजूला काढायची. उरलेली बाकीच्या राज्यांत अशी वाटायची: ६० टक्के लोकसंख्येवर, १० टक्के अशा राज्यांना ज्यांचं दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीपेक्षा कमी आहे, १० टक्के, राज्य स्वतः कर गोळा करायला किती झटतं त्यावर, १० टक्के चालू असलेल्या मोठ्या पाटबंधारे आणि वीज प्रकल्पांसाठी, आणि १० टक्के राज्यांच्या खास अडचणींसाठी. शिवाय प्रकल्प कुठलाही असो, मदतीतलं ३० टक्के अनुदान आणि ७० टक्के कर्ज, हे सरसकट. विशेष दर्जाच्या राज्यांना मात्र ९० टक्के अनुदान. राष्ट्रीय विकास परिषदेत, म्हणजे जिथे सगळे मुख्यमंत्री बसायचे तिथे, हे मान्य झालं आणि चौथ्या योजनेपासून, १९६९ पासून, लागू झालं.

हे सूत्र आदर्श होतं असं मी म्हणत नाही. गरीब राज्यांना उत्पन्नाच्या निकषावर फक्त दहा टक्के, हे कमीच होतं. बिहारने आणि ओडिशाने तक्रार केली असेल तर ती रास्तच म्हणावी लागेल. पुढे १९८० मध्ये उत्पन्नाचा वाटा वाढवला, १९९१ मध्ये प्रणव मुखर्जी उपाध्यक्ष असताना आणखी फेरफार झाले आणि ते गाडगीळ-मुखर्जी सूत्र झालं. पण सूत्राची खरी किंमत त्याच्या टक्क्यांत नाही. एखाद्या राज्याचा वित्त सचिव मुंबईत किंवा मद्रासमध्ये बसून, दिल्लीला न जाता, कागदावर गणित करून सांगू शकत होता की आम्हाला इतके मिळायला हवेत. कमी आले तर 'का?' असं विचारू शकत होता. ते सूत्र आणणारा माणूस मात्र फार जगला नाही. १९७१ मध्ये पद सोडून दिल्लीहून पुण्याला परत येताना रेल्वेतच त्यांचं निधन झालं.

आता सूत्र झालं म्हणून मनमानी संपली असं नाही. पाण्याला वाट अडवली की ते दुसरीकडून जातं. दिल्लीतल्या मंत्रालयांनी स्वतःच्या योजना काढायला सुरुवात केली, ज्यांना आपण केंद्रपुरस्कृत योजना म्हणतो. आरोग्य, पाणीपुरवठा हे राज्यांचे विषय, पण पैसा केंद्राचा, अटी केंद्राच्या, आणि वर राज्याने आपला हिस्सा घालायचा. हा पैसा गाडगीळ सूत्राच्या बाहेरचा. बघता बघता सूत्राने वाटला जाणारा पैसा बारीक होत गेला आणि सूत्राबाहेरचा फुगत गेला. वर्षातून एकदा मुख्यमंत्री योजना भवनात जायचे, वार्षिक योजनेचं आकारमान ठरायचं, उपाध्यक्षांबरोबर पुष्पगुच्छ घेतलेला फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात यायचा, 'राज्याच्या योजनेला आयोगाची मंजुरी'. त्या आकड्यातला मोठा भाग राज्याचा स्वतःचाच पैसा असायचा. स्वतःच्या पैशाला मंजुरी घ्यायला निवडून आलेला मुख्यमंत्री न निवडलेल्या उपाध्यक्षासमोर बसतोय, हे दृश्य अनेकांना टोचायचं, आणि ते टोचणं मला पटतं.

दुसरा दोष त्याहून गंभीर, आणि तो तुम्ही आम्ही सगळ्यांनी गावोगाव पाहिलाय. सरकारी खर्चाचे दोन भाग केले होते: योजनांतर्गत आणि योजनेतर. नवीन काही उभारलं की ते योजनांतर्गत, म्हणजे 'विकास'. उभारलेलं चालवायचं, दुरुस्त करायचं, तिथल्या माणसांचे पगार द्यायचे, की ते योजना संपल्यावर योजनेतर, म्हणजे 'खर्च'. विकासाला टाळ्या, खर्चाला कात्री. मग प्राथमिक आरोग्य केंद्राची इमारत उभी राहायची, कोनशिलेवर मंत्र्याचं नाव यायचं, आणि आत डॉक्टरची जागा रिकामी, कारण पदभरती योजनेतर. रस्ता नवा करायला पैसे, खड्डे बुजवायला नाहीत. ही विभागणी बंद करा अशी शिफारस डॉ. रंगराजन समितीने २०११ मध्ये केली होती. प्रत्यक्षात ती गेली २०१७-१८ च्या अर्थसंकल्पापासून. योजना आयोग गेल्यामुळे झालेल्या गोष्टींपैकी ही निर्विवाद चांगली.

आता आयोगाच्या आणखी एका कामाकडे येते, कारण त्याचा चटका आजही बसतो. गरीब किती, हे आयोग मोजायचा. २०११ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयातल्या प्रतिज्ञापत्रावरून गदारोळ झाला तो अनेकांना आठवत असेल. शहरात दिवसाला माणशी ३२ रुपये आणि खेड्यात २६ रुपये खर्च करणारा गरिबीरेषेच्या वर. सुरेश तेंडुलकर समितीच्या पद्धतीवर ते आकडे आधारलेले होते. त्यातच पुढच्या वर्षी बातमी आली की योजना भवनातली दोन स्वच्छतागृहं ३५ लाख खर्चून नवी केली. मग काय, वर्तमानपत्रांना मेजवानीच. पण हसून सोडून देण्यासारखं ते प्रकरण नव्हतं. त्या रेषेवरून राज्याराज्यातल्या गरिबांची संख्या ठरायची, आणि संख्येवरून धान्य.

तुमच्यापैकी कुणी रेशन कार्डासाठी तहसील कचेरीच्या पुरवठा शाखेत गेलं असेल, तर एक शब्द कानावर पडला असेल: इष्टांक. "तुमचे कागद बरोबर आहेत, उत्पन्न बसतंय, पण इष्टांक शिल्लक नाही." हा इष्टांक कुठून येतो? २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने ठरवलं की देशातल्या खेड्यांतल्या ७५ टक्के आणि शहरांतल्या ५० टक्के लोकांना स्वस्त धान्य. पण हे देशाचं प्रमाण. कुठल्या राज्यात किती, हे तेव्हाच्या योजना आयोगाने २०११-१२ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीवरून काढून दिलं. महाराष्ट्राच्या वाट्याला आलं ग्रामीण ७६.३२ टक्के आणि शहरी ४५.३४ टक्के. २०११ च्या जनगणनेला ते लावलं आणि आकडा आला सुमारे ७ कोटी. हे ७ कोटी मग जिल्ह्यांत वाटले, जिल्ह्यांतून तालुक्यांत. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे तो आकडा तिथेच थिजला. लोक वाढले, लेकी सासरी गेल्या, सुना आल्या, मुलं झाली, माणसं गाव सोडून पुण्याच्या वस्त्यांत आली. आकडा तोच. कुणाचं नाव कमी झालं की कुणाचं लागणार. आयोग जाऊन दशक उलटलं, पण त्याने काढलेली टक्केवारी अजून तालुक्याच्या खिडकीवर बसून आहे. नियोजन म्हणजे दिल्लीतलं काहीतरी पुस्तकी काम, असं ज्यांना वाटतं त्यांनी ही खिडकी आठवावी.

बरं. १५ ऑगस्ट २०१४ ला लाल किल्ल्यावरून पंतप्रधान मोदींनी जाहीर केलं की योजना आयोगाच्या जागी नवी संस्था येईल. १ जानेवारी २०१५ ला नीती आयोग स्थापन झाला. नाव इंग्रजी आद्याक्षरांचं आहे, नॅशनल इन्स्टिट्यूशन फॉर ट्रान्सफॉर्मिंग इंडिया, पण जुळवून आणलंय छान. पहिले उपाध्यक्ष अरविंद पानगढिया. बारावी योजना २०१७ पर्यंतची होती, ती संपली आणि तेरावी आलीच नाही. नव्या संस्थेचं काम ठरलं ते असं: सल्ला द्यायचा, धोरणं सुचवायची, राज्यांना एकत्र बसवायचं, कामगिरी मोजायची. पैसे वाटायचे नाहीत.

मग पैशाचं काय झालं? तीन गोष्टी झाल्या, साधारण एकाच वेळी. चौदाव्या वित्त आयोगाने, वाय. व्ही. रेड्डी त्याचे अध्यक्ष, केंद्रीय करांतला राज्यांचा वाटा ३२ वरून ४२ टक्के केला. ही मोठी उडी होती, आणि हा पैसा बिनअटीचा. राज्याने हवा तसा खर्चावा. दुसरं, गाडगीळ सूत्राने मिळणारी मदत संपली; वाटा वाढलाय तर ती कशाला, असा हिशोब. तिसरं, केंद्रपुरस्कृत योजनांची मोळी बांधली. मुख्यमंत्र्यांच्या एका उपगटाने, शिवराजसिंह चौहान त्याचे निमंत्रक होते, शिफारस केली आणि ६६ योजनांच्या २८ छत्री-योजना झाल्या. बहुतेकींत केंद्र ६०, राज्य ४०. म्हणजे पूर्वी ज्या योजनेत राज्याला चार आणे घालावे लागत, तिथे आता जवळजवळ साडेसहा आणे.

वाढीव वाट्याबद्दल आनंद मानायचा तर एक पुरवणी वाचा. वाटा मिळतो तो 'विभाज्य' करांतून. उपकर आणि अधिभार, म्हणजे सेस आणि सरचार्ज, त्यात धरत नाहीत. ते पूर्ण केंद्राचे. केंद्राच्या एकूण करउत्पन्नात यांचं प्रमाण २०११-१२ मध्ये साधारण दहा टक्के होतं, ते २०२०-२१ पर्यंत वीसच्या आसपास गेलं. ताट मोठं केलं असं सांगायचं आणि वाढण्याआधी पातेल्यातलं थोडं बाजूला काढून ठेवायचं, असा हा प्रकार. पेट्रोलवर जे तुम्ही भरता त्यातला बराच भाग या बाजूच्या पातेल्यात जातो.

म्हणजे किल्ली गेली कुठे? काही अंशी वित्त आयोगाकडे, जिथे ती घटनेप्रमाणे असायलाच हवी होती. उरलेली अर्थ मंत्रालयाकडे आणि प्रत्येक योजनेच्या मंत्रालयाकडे. पूर्वी राज्याला भांडायला एक टेबल होतं, मग ते कितीही अपमानकारक असो. आता टेबलं अनेक, आणि जिथे सगळे मुख्यमंत्री एकत्र बसतात त्या नीती आयोगाच्या नियामक परिषदेच्या टेबलावर पैसा नाही. ममता बॅनर्जींनी २०१९ मध्ये पंतप्रधानांना पत्र लिहून बैठकीला यायला नकार दिला, तेव्हा कारण हेच दिलं होतं की या आयोगाला आर्थिक अधिकारच नाहीत. २०२४ च्या जुलैतल्या बैठकीवर विरोधी पक्षांच्या अनेक मुख्यमंत्र्यांनी बहिष्कार टाकला. त्या मात्र गेल्या आणि मध्येच उठून बाहेर आल्या. त्यांचं राजकारण बाजूला ठेवा. मुद्दा असा की हातात काही नसलेल्या बैठकीवर बहिष्कार टाकायला काही किंमत मोजावी लागत नाही. याउलट जीएसटी परिषद बघा. तिथे मतदानाचं वजन ठरलेलं आहे, केंद्राचं एक तृतीयांश, राज्यांचं मिळून दोन तृतीयांश. तिथल्या बैठकीला गैरहजर राहायला कुणाला परवडत नाही.

मग नीती आयोग काहीच करत नाही का? करतो की. २०१८ पासूनचा आकांक्षित जिल्हे कार्यक्रम घ्या. देशातले ११२ मागास जिल्हे निवडले. आपल्याकडचे चार: नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि तेव्हाचं उस्मानाबाद, आताचं धाराशिव. आरोग्य-पोषण, शिक्षण, शेती-पाणी, बँकिंग-कौशल्य आणि पायाभूत सोयी अशा पाच भागांत ४९ निर्देशक, आणि दर महिन्याला क्रमवारी. कल्पना चांगली आहे. राज्याच्या सरासरीत नंदुरबार दिसतच नाही, कारण पुणे आणि मुंबई ते झाकून टाकतात. जिल्हा वेगळा मोजला की दिसतो. जिल्हाधिकाऱ्यालाही कळतं की गरोदर बायांची नोंदणी कुठे अडली आहे. पण यात मोठा नवा निधी नाही. असलेल्याच योजना एकत्र आणून जोर लावायचा. अंगणवाडीतली ताई बाळाचं वजन दर महिन्याला घेते, ते घ्यायलाच हवं. पण वजन घेतल्याने वाढत नाही, त्याला आहार लागतो, आणि आहाराचं कंत्राट, निधी, वेळेवर येणं हे सगळं दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात.

आणि सूत्राबाहेरचा पैसा? तो नव्या रूपात परत आलाय. २०२०-२१ पासून केंद्र राज्यांना भांडवली खर्चासाठी ५० वर्षांचं बिनव्याजी कर्ज देतं. कोविडच्या वर्षी सुरुवात १२ हजार कोटींनी झाली, २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात तरतूद दीड लाख कोटींची होती. पन्नास वर्षं, बिनव्याजी, म्हणजे जवळपास अनुदानच. यातला एक भाग वित्त आयोगाच्या प्रमाणात वाटला जातो, तिथे तक्रारीला जागा नाही. दुसरा भाग सुधारणांच्या अटींवर: हे नियम बदला, ते पोर्टल जोडा, मग पैसे. अटी चांगल्याही असतील. पण त्या ठरवताना राज्यांनी कुठे बसून होकार दिला? गाडगीळ सूत्र निदान सगळ्या मुख्यमंत्र्यांसमोर मांडून मान्य करून घेतलं होतं. ती राष्ट्रीय विकास परिषद शेवटची भरली २०१२ च्या डिसेंबरमध्ये.

दिल्लीच्या नावाने बोटं मोडणं सोपं आहे, म्हणून शेवटी आपल्या अंगणात येऊ. मुंबई आणि विदर्भ-मराठवाडा यांच्यात तोच वाद आहे जो दिल्ली आणि राज्यांत. १९८३ मध्ये राज्य सरकारने वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. हेही गोखले संस्थेचेच. समितीने साधा प्रश्न घेतला: रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य यांत राज्याची सरासरी किती आणि प्रत्येक जिल्हा तिच्याखाली किती? ती तूट पैशात मांडली. तिचं नाव अनुशेष. एकूण आला सुमारे ३,१८७ कोटी रुपये, त्यातला विदर्भाचा ३९ टक्के, मराठवाड्याचा २४ च्या आत, उरलेला बाकीच्या महाराष्ट्राचा, ज्यात कोकणही होतं. पुढे घटनेच्या कलम ३७१(२) खाली १९९४ मध्ये तीन वैधानिक विकास मंडळं झाली आणि निधीचं समन्यायी वाटप बघायची जबाबदारी राज्यपालांकडे आली. त्यावरून विधिमंडळात किती रणं माजली! सिंचनाचा अनुशेष कागदावर कमी झाला की शेतात पाणी आलं, हा वाद अजून संपलेला नाही. पण तेव्हाही अमरावतीचा आमदार उभा राहून एक आकडा दाखवू शकत होता आणि सरकारला त्याला उत्तर द्यावं लागत होतं.

त्या मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. २०२२ मध्ये राज्याने नीती आयोगाच्या धर्तीवर 'मित्रा' ही संस्था काढली, मुख्यमंत्री तिचे अध्यक्ष. काम सल्ला देण्याचं, धोरणं सुचवण्याचं. जिल्ह्यात पैसा मात्र अजून डीपीडीसीतच ठरतो, म्हणजे जिल्हा नियोजन समितीत, पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली. म्हणून तर पालकमंत्रिपदासाठी एवढी ओढाताण होते. मित्रावर कोण आहे हे कुणी विचारतसुद्धा नाही. तुमच्या जिल्ह्याच्या डीपीडीसीचा आराखडा मिळवता आला तर बघा. मंजूर किती, खर्च किती, आणि मार्च महिन्यात किती, हे तीन रकाने आधी वाचा. तालुक्याला पैसे कुठल्या निकषावर मिळाले हे त्यात सापडलं तर मला जरूर कळवा.

पुढचा भाग वित्त आयोगावर करायचा आहे. सोळाव्या वित्त आयोगाचे अध्यक्ष कोण होते? अरविंद पानगढिया, नीती आयोगाचे पहिले उपाध्यक्ष. किल्ली नसलेल्या खुर्चीतून किल्ली असलेल्या खुर्चीत. महाराष्ट्र भरतो किती आणि परत मिळतं किती, हा सगळ्यांचा आवडता प्रश्न तिथे घेऊ. तोवर प्रश्न पाठवत राहा.